टपावरचे दोन बांबू

होडी ठेवायला पडवी होती. ती नदीपर्यंत न्यायची कशी, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नापायी मी एका शनिवारी दुपारी जे करून बसले ते आठवलं की अजून माझे हातपाय गार पडतात.

होडी आम्ही आपलं म्हणायचो. तिचं खरं नाव कयाक. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं जाड कॅनव्हास, मध्ये एका माणसाला पाय पसरून बसता येईल एवढं भोक, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं लांब वल्हं. देहूरोडच्या छावणीतला एक गोरा साहेब मायदेशी परत चालला होता. त्याच्या बंगल्यातल्या सामानाची विक्री होती. लोक कपाटं उघडून बघत होते, खुर्च्यांवर बसून बघत होते. कयाक मागच्या बागेत उलटी पडली होती आणि तिच्याखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. वडील ओणवे होऊन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. कोंबडीकडे नव्हे, होडीकडे. त्यांचं लहानपण कोकणात खाडीकाठी गेलेलं. डिसेंबरनंतर त्यांनी एखाद्या वस्तूकडे इतका वेळ पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

डिसेंबरात त्यांच्या छातीत कळ आली होती. कारखान्यातून त्यांना उचलून आणलं. दोन महिने ते अंथरुणावर होते, तिसऱ्या महिन्यात पडवीतल्या खुर्चीवर आले. वजन उचलायचं नाही, मोटार चालवायची नाही, जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाकी सगळं करा असंही सांगितलं, पण बाकी काय उरतं ते काही सांगितलं नाही. वडील मग एकच गोष्ट करू लागले. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून नाडी मोजायची. जेवताना घास थांबवून मोजायचे. कुणी बोलत असलं तर मान हलवायचे, पण ओठ आकडे म्हणत असायचे. रोज संध्याकाळी मी तो आकडा एका तक्त्यात लिहीत असे. तक्ता डॉक्टरांनी मागितला नव्हता.

होडी घरी आली आणि बोटं मनगटावरून सुटली. कॅनव्हासला ठिगळ लावायला दोन हात लागत. वल्ह्याला पॉलिश पेपर घासायला दोन हात लागत. तीन दिवस मी मोजलं: त्यांनी मनगटाला हात लावला नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. एखादं पाखरू खिडकीत येऊन बसलं तर आपण हलत नाही, तसं झालं होतं माझं.

डॉक्टरांची ना नव्हती. शांत पाणी हवं, बरोबर माणूस हवा, पाच-दहा मिनिटं बसा, म्हणाले. ना होती आईची. ती दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती. होडीचा उल्लेख ती 'ते' असा करी. "त्याच्यावरून माझी साडी ओली झाली," एवढंच.

आमचं घर चिंचवड स्टेशनजवळ. पवना फार लांब नव्हती, पण गावापाशी मार्चात गुडघाभर पाणी आणि म्हशी. वडिलांच्या मनात होता तो वर रावेतच्या अंगाचा डोह. तिथे पाणी खोल आणि स्थिर. तिथवर होडी न्यायची तर मोटारीच्या टपावरून, आणि टपावर ती राहील असं काहीतरी बसवायला हवं होतं. त्याला वडील कॅरिअर म्हणत. आमची मोटार जुनी, काळी, गोल टपाची. होडी नुसती वर ठेवली तर टरबुजासारखी घरंगळली असती.

ते तीनही दिवस वडील कॅरिअर निवडत होते. मी इतकी आनंदात होते की त्यांचं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. देहूरोडला लष्कराच्या मोडीत एक लोखंडी चौकट मिळत होती. ती बघून आल्यावर ते म्हणाले, "ही टपावर ठेवली तर गाडीच डोक्यावर घेऊन जावं लागेल." पुण्यातल्या एका दुकानात ट्रंका ठेवायचं तयार कॅरिअर होतं, चारी बाजूंनी कठडा असलेलं. ते बसवायला टपाला भोकं पाडावी लागत. "गळकं छप्पर मी पैसे देऊन का घेऊ?" शेवटी त्यांनी नाडीच्या तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं आपलंच एक काढलं. टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून जायला बारीक पन्हाळ असते, तिला धरून बसणारं. दोन लांब रेघा, टोकांना अडकवायचे आकडे, बाजूला मापं. ते लोहाराकडे द्यायचं होतं.

लोहार गावच्या जत्रेला निघून गेला. आठ दिवस यायचा नव्हता. आणि माझा मोठा भाऊ मुंबईहून त्याच शनिवारी रात्री यायचा होता, एका रविवारसाठी. मोटार चालवणारा आणि होडी उचलणारा घरात तो एकटाच. हा रविवार गेला तर पुढचा मे महिन्यात, म्हणजे डोह आटल्यावर. मला वडिलांची बोटं पुन्हा मनगटाकडे जाताना दिसली. तिथवर पोचली नाहीत, पण निघाली होती.

तेव्हा मी ठरवलं की कॅरिअर मी करून घेईन. लोखंडाचं नाही तर बांबूचं.

मी बोलायला भित्री. पुण्याच्या इंग्रजी शाळेत दहा वर्षं काढली, तिथे कमी बोलणाऱ्या मुलीला चांगली मुलगी म्हणत, त्यामुळे माझं चाललं. दुकानात काही मागायचं तर मी घरून वाक्य जुळवून निघत असे. त्या दुपारी वडील झोपले असताना मी तक्ता उचलला आणि चित्र नीट पाहिलं. भूमितीत मला पैकीच्या पैकी मार्क होते. दोन लांब रेघा, म्हणजे टपाच्या लांबीबरोबर जाणारे दोन बांबू. माप साडेतीन फूट लिहिलं होतं. मला ते कमी वाटलं. तेरा-चौदा फुटी होडीला साडेतीन फुटांचा आधार कसा पुरेल? आजारपणात चुकले असतील, असं मनात म्हणून मी ते दुप्पट केलं. मधे आडव्या कामट्या बांधायच्या. कॅनव्हास घासू नये म्हणून वर पेंढा पसरायचा. पेंढा उडू नये म्हणून त्यावर मांजरपाट गुंडाळायचा. बांधायला सुंभ. सगळं मला अगदी सुबक वाटलं.

चिंचवड गावात एका बुरडाचं दुकान होतं. पाडव्याला गुढीचा कळक आम्ही तिथूनच आणत असू. दुकान कसलं, एक छपरी, आणि भिंतीला टेकवलेले उभे बांबू. म्हातारा दारातच बसून कोयत्यानं कळक सोलत होता.

"गुढीला का? अजून टाइम हाय की पाडव्याला," तो म्हणाला.

"गुढीसाठी नाही," मी म्हटलं आणि जुळवून आणलेलं वाक्य एका दमात सोडलं. "दोन बांबू हवेत, सात फुटी, सरळ. मधे बांधायला कामट्या. आणि सुंभ."

त्याचा कोयता थांबला.

"आनि?"

"थोडा पेंढा. आणि वरून घालायला मांजरपाट. तो शेजारी मिळेल ना?"

"मी आनतो. तुमी नगा जाऊ." तो उठून उभा राहिला. डोक्याला गुंडाळलेलं फडकं त्यानं काढून हातात घेतलं. मला वाटलं, किती अदबीचा माणूस आहे. "कुटल्या घरच्या म्हनायच्या तुमी?"

मी सांगितलं. स्टेशनजवळचं, पुढे कडुलिंब असलेलं.

"सायबांचं घर? आजारी व्हते ते?"

"हो. डिसेंबरपासून."

"आरारारा." तो खाली बसला आणि पुन्हा उठला. "उंच बी व्हता गडी. सात फुटी लागंलच. वजन किती आसंल आता?"

'आता' हा शब्द मला खटकायला हवा होता. मला वाटलं, तो होडीचं विचारतोय. "वजन फार नाही. नुसता सांगाडाच तर आहे."

त्यानं मान खाली घातली.

"कवा न्यायचं?"

"उद्या सकाळी. भाऊ मुंबईहून यायचा आहे. तो आल्याशिवाय उचलणार कोण?"

"बरुबर हाय. थोरल्यानंच उचलायचं. तवर?"

"पडवीत ठेवलंय. धूळ बसू नये म्हणून वर चादर घातलीय."

"आन् आईसायब?"

आमच्या घरातला अबोला याला कसा कळला, याचं मला नवल वाटलं. गावात सगळं कळतं. "आई बोलत नाही कुणाशी," मी खरं ते सांगितलं.

"कशी बोलंल?" तो पुटपुटला. मग म्हणाला, "न्हेनार नदीवरच ना?"

"हो, पण इथे नाही. रावेतच्या बाजूला. मोटारीच्या टपावरून."

"टपावरून?" आता त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळे भरले होते. "ताई, आमी मान्सं हाय की. या गावात चार खांदे मिळत न्हाईत व्हय?"

एका अनोळखी माणसानं होडीसाठी एवढं म्हणावं! मला गलबलून आलं. "कशाला उगाच त्रास? मोटार आहेच," मी म्हटलं.

सामान मी बरोबर नेते म्हटलं, तर त्यानं दोन्ही हात हलवले. "ह्ये बाईमान्सानं न्ह्यायचं नसतं. मी पोचतं करतो. तुमी आईसायबांजवळ बसा."

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आईनं मला लहानपणापासून शिकवलेलं. एवढी एक रीत मी कधी चुकत नसे. मी म्हटलं, "येते हं. पुन्हा लागलं तर येईनच."

म्हातारा दचकून मागे सरकला. "न्हाई, न्हाई! आसं म्हनू नगा!"

मी घरी आले ती अगदी खुशीत.

चारच्या सुमाराला वडील पडवीत बसून वल्ह्याला व्हार्निश लावत होते. मी डबा धरून शेजारी उभी होते. आई आत होती. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. बांबू दारात आले की त्यांचा चेहरा बघायचा, म्हणून. फाटक वाजलं.

पुढे बुरूड होता, खांद्यावर दोन बांबू, एका हातात सुतळीच्या फासात लोंबणारं मातीचं मडकं. मागे त्याचा भाऊ, काखेत पेंढ्याची पेंढी आणि कामट्या, खांद्यावर पांढरा मांजरपाट आणि सुंभाचं वेटोळं. त्यांच्या मागे वडिलांच्या कारखान्यातले फिटर मिस्त्री आणि आणखी पाच-सहा कामगार. खांद्यावर पंचे, पायात काही नाही, माना खाली. मला पहिल्यांदा दिसलं ते मडकं. मडकं तर मी सांगितलं नव्हतं. मडकं कशाला?

"अरे, मिस्त्री!" वडील म्हणाले. "सगळे एकदम कसे काय?"

बुरडानं वर पाहिलं. खुर्चीत बसलेले वडील, हातात ब्रश. मडकं त्याच्या हातातून सुटलं आणि पायरीवर, वडिलांच्या पायांपासून हातभर अंतरावर फुटलं.

कडुलिंबावर कावळा होता, तोही गप्प होता.

मांजरपाट मला ठाऊक होता. सुंभ ठाऊक होता. बांबू, कामट्या, पेंढा, एकेक वस्तू मला सुटी ठाऊक होती. एकत्र ठाऊक नव्हती. आमच्या घरात माझ्या जन्मानंतर कुणी गेलं नव्हतं; रस्त्यावरून कुणाला नेत असले की आई माझं तोंड पदराआड घेत असे. तिरडी हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, आणि ती पालखीसारखी कुठेतरी तयार मिळत असेल असं धरून चालले होते. त्या फुटक्या खापऱ्यांकडे बघताना पाचही वस्तू माझ्या डोळ्यांसमोर एकमेकींना बांधल्या गेल्या. मी माझ्या वडिलांचं सामान सांगून आले होते. उंचीसकट.

"कुणासाठी आणलंत हे?" वडिलांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच की, साहेब!" मिस्त्री बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"ताईनं सांगितलं," बुरडानं माझ्याकडे बोट केलं. "ताईनंच सांगितलं, सायेब. डिसेंबरपासनं आजारी म्हनली. निस्ता सांगाडा ऱ्हायलाय म्हनली. चादर घातलीय म्हनली. वाटंत ह्ये सामान बगून मिस्त्रींनी इचारलं कुनाचं, तर मी..." तो पुढे बोलू शकला नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला एकच शब्द सुचला. "कॅरिअर," मी म्हटलं. कुणाला काही कळलं नाही. "होडीचं. टपावरचं."

आई दारात आली होती. तिनं बांबू पाहिले, मांजरपाट पाहिला, खापऱ्या पाहिल्या. ती ओरडली नाही. तिनं तोंडावर पदर दाबला आणि वडिलांना म्हणाली, "ती होडी पाण्यात गेली तर माझं मेलेलं तोंड पाहाल." मग आत गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

वडिलांनी ब्रश खाली ठेवला. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर गेली. बोटांना व्हार्निश होतं, ती चिकटली. ओठ आकडे म्हणू लागले. मी हे केलं होतं. तीन दिवसांत जे सुटलं होतं ते मी एका दुपारी परत आणून दिलं होतं, तेही मडक्यासकट.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "कागद कुठाय?"

मी तक्ता पुढे केला. मी धरला होता तसा. त्यांनी तो माझ्या हातातच फिरवला, चौथाई वळण. "असा आडवा धरायचा. हे दांडे टपाच्या रुंदीतून जातात, या पन्हाळीपासून त्या पन्हाळीपर्यंत. साडेतीन फूट. तुझे उभे बांबू पन्हाळीला समांतर. ते कशाला अडकणार?"

ते रागावले नव्हते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. भूमितीतले पैकीच्या पैकी मार्क!

बुरूड जायला तयार नव्हता. मिस्त्री म्हणाले, "सामान घ्या उचलून, चला," तर तो जागचा हलेना. "ह्ये माघारी न्हेता येत न्हाई. दुकानातनं भाईर पडलं की पडलं. त्या ढिगात पुन्ना ठिवला तर दुसऱ्याच्या घरात गुढीला जाईल."

"मग काय करायचं?"

"तोडायचं. तोडला म्हंजी त्यो निस्ता कळक."

मी आत गेले. आई स्वयंपाकघरात खिडकीपाशी उभी होती. मला वाटलं, ती आता बोलेल ते मला जन्मभर पुरेल. ती म्हणाली, "तीन दिवस त्यांनी नाडी धरली नव्हती." मी बघतच राहिले. "तू एकटीच बघतेस का घरात?"

मला वाटत होतं, हो, मी एकटीच.

खिडकीतून अंगण दिसत होतं. बुरडानं दोन्ही बांबू खिडकीसमोर आणून टाकले. "आईसायब, बगा," असं मोठ्यानं म्हणून त्यानं कोयत्याचा घाव घातला. सात फुटांचे दोन, त्यांचे साडेतीन फुटांचे चार झाले. वडील खुर्चीतून हे बघत होते. मग त्यांचा आवाज आला, जरा खाकरलेला. "मिस्त्री, हे तर बरोबर माप झालं."

"व्हय की!" मिस्त्री पुढे आले. "दोन-दोन जोडून दांडा केला तर होडी काय, म्हैस पण बसेल, साहेब. आकडे मी करून आणतो. घरी माझी पकड आहे, लोखंडाची पट्टी आहे. दोन तासांचं काम."

"तुम्ही कशाला..."

"खांदा द्यायला आलो होतो, राव," मिस्त्री म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याला घाबरून हसले. त्यांच्यामागचे कामगारही हसले, एकदम, खूप वेळ कोंडल्यासारखे. "माणूस गेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, साहेब. आमच्या गावात हे एवढं सामान दारात येऊन परत गेलेलं कुणी बघितलं नाही. शंभरी झाली तुमची."

बुरूड सुंभाचं वेटोळं सोडवून चार तुकडे बांधायला बसला. तेव्हा आई बाहेर गेली. अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत होते. तिनं ते एकेक काढून डाव्या हातावर घेतले, दोरीच्या दोन्ही गाठी सोडल्या आणि दोरी बुरडापुढे टाकली.

"सुंभ नको. ह्यानं बांधा. आणि तो पांढरा कपडा घेऊन जा, नाहीतर जाळा. माझं जुनं हिरवं लुगडं देते."

वडील तिच्याकडे बघत होते. "शपथ?" त्यांनी विचारलं.

आईनं कपड्यांची घडी घातली. एक, मग दुसरी.

"सुटली," ती म्हणाली. "पण मी येणार. काठावर बसणार."

भाऊ त्या रात्री आला आणि त्याला कुणी काही सांगितलं नाही. पडवीत हिरव्या लुगड्यात गुंडाळलेले दोन दांडे बघून तो म्हणाला, "हे कुणाचं डोकं?" आई म्हणाली, "सगळ्यांचं."

सकाळी त्यानं दांडे टपावर आडवे बसवले. मिस्त्रींचे आकडे पन्हाळीत असे बसले की भाऊ त्यांना लोंबकळून बघत होता. होडी उलटी ठेवून पुढून-मागून दोरी आवळली. मोटार रावेतपर्यंत अगदी हळू गेली. आई पुढे बसली होती आणि तिनं खिडकीतून हात काढून दोरी धरून ठेवली होती, जणू होडी तिच्या हातावरच होती. रस्त्यानं माणसं थांबून बघत. एका म्हातारीनं आमच्याकडे पाहून हात जोडले. आईनं मान वळवली. मला हसू आलं नाही.

डोहावर वारा नव्हता. भावानं होडी पाण्यात धरली. वडील काठावर बसून, पाय आत टाकून, हळूहळू सरकत त्या भोकात बसले. त्यांच्या डाव्या मनगटावर व्हार्निशचे दोन बोटांचे डाग होते. ते रॉकेलनं घासूनही निघाले नव्हते. भावानं सोडलं. त्यांनी वल्हं उजवीकडे बुडवलं, डावीकडे बुडवलं. खाडीची सवय हाताला होती, माझ्या जन्माआधीची. दहा-बारा हात गेले असतील. मग त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, आणि मी पाहिलं, त्यांचा उजवा हात मनगटाकडे निघाला.

होडी कलली. भलतीच कलली. आई उठून उभी राहिली, भाऊ कमरेएवढ्या पाण्यात शिरला. माझ्या डोळ्यांसमोर पायरीवरचं मडकं आलं, फुटायच्या आधीचं, हवेतलं. वडिलांनी दोन्ही हातांनी वल्हं पकडलं आणि पाण्यावर थाप मारली. होडी दोनदा हेलकावली आणि सरळ झाली.

ते थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनी पुन्हा वल्हं मारलं. उजवीकडे, डावीकडे. त्या होडीत एक हात सोडायची सोय नव्हती.

दहा मिनिटांची वीस झाली. आई खाली बसली ती वडिलांचे पाय काठाला लागल्यावरच.

संध्याकाळी मी तक्ता घेऊन त्यांच्यापुढे गेले. "नाडी?"

"अगं, बघितलीच नाही आज," ते म्हणाले आणि भावाशी बोलत राहिले. मी त्या दिवसाचा चौकोन मोकळा ठेवला. पुढे बरेच चौकोन मोकळे राहिले, सगळे नाही. कागदाच्या पाठीवर ते चित्र आहे. मी ते कसंही धरलं तरी मला आता बरोबरच दिसतं.

याला तीन वर्षं झाली. दांडे अजून आहेत. लोहार जत्रेहून आला तेव्हा वडिलांनी त्याला निरोप पाठवला की काम झालं. गुढीचा कळक आणायला त्या वर्षी मी गेले नाही, मिस्त्रींच्या हातून मागवला. पण कॉलेजला जायची वाट त्या छपरीवरूनच जाते. पहिल्यांदा मी मान खाली घालून झपाझपा निघाले होते, तेव्हा म्हाताऱ्यानंच हाक मारली.

"ताई! बरं हाय का सायबांचं?"

"हो."

"व्हडीत बसत्यात?"

"बसतात."

"मंग आता गुढीचं सोडून येऊ नगा बरं माज्याकडं."

तेव्हापासून रोज जाता-येता तो कोयता थांबवून मला तेच म्हणतो, "येऊ नगा हं, ताई." आणि निघताना 'येते' म्हणायची माझी इतक्या वर्षांची सवय ओठांवर येते, ती मी तिथे गिळते आणि नुसती मान हलवून पुढे जाते.